रामकृष्णांना कोणी सावरले?

दक्षिणेश्वरच्या कालीमंदिरातील एका तरुण पुजाऱ्यावर १८६० च्या सुमारास कलकत्त्याचे नामांकित वैद्य गंगाप्रसाद सेन यांचे उपचार चालू होते. त्याला झोप येत नसे. सर्वांगाचा दाह होत असे. पूजेला बसला म्हणजे तासन् तास निश्चल राहावे, मध्येच लहान मुलासारखे रडावे, देवीचा नैवेद्य मांजराला भरवावा, असे त्याचे वर्तन होते. मंदिरातील कारकून आणि नोकरचाकर यांनी आपला निर्णय केव्हाच दिला होता: भटजींना वेड लागले आहे. पुढे पंचवीस वर्षांच्या आत याच पुजाऱ्याचे बोलणे ऐकण्यासाठी कलकत्त्याचे पदवीधर तरुण, ब्राह्मो समाजाचे पुढारी आणि विज्ञाननिष्ठ डॉक्टर त्याच्याकडे येऊ लागले. आणि त्याच्या एका शिष्याने त्याचे नाव सातासमुद्रापलीकडे नेले.

रामकृष्ण परमहंसांच्या चरित्राचा हा पूर्वार्ध भाविक लगबगीने ओलांडतात आणि बुद्धिवादी तेवढ्यावरच थांबतात. एकाला त्यात केवळ दैवी लीला दिसते, दुसऱ्याला केवळ आजार. या दोन टोकांच्या मध्ये जो प्रश्न उरतो तो फारसा विचारला जात नाही. मन मोडून पडावे अशा अवस्थेतून हा माणूस शाबूत बाहेर आला, तो कशामुळे? याचे उत्तर त्याच्या अनुभवाच्या तीव्रतेत शोधून सापडणार नाही. त्या काळात त्याच्याभोवती जी माणसे होती, त्यांच्यात ते आहे. ध्यान, जप, मौन, उपवास या मार्गांकडे वळणारी माणसे आजही आपल्या घरांत आहेत. त्या वाटेवर कोणी कोलमडला तर काय करावे, हे घरच्यांना ठाऊक नसते. म्हणून या उत्तराचे महत्त्व केवळ ऐतिहासिक नाही.

एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. या काळाची माहिती मुख्यत: शिष्यांच्या लेखनातून, त्यातही स्वामी सारदानंद यांच्या ‘श्रीरामकृष्ण लीलाप्रसंग’ या ग्रंथातून, आपल्यापर्यंत आली आहे. ती भक्तांची दृष्टी आहे, याचे भान ठेवले पाहिजे. तथापि गुरूला लोक वेडा म्हणत होते आणि तो स्वत:ही या शंकेने व्याकुळ झाला होता, ही गोष्ट या भक्तांनी दडवलेली नाही.

एकाकी वादळ

हुगळी जिल्ह्यातील कामारपुकुर या खेड्यात १८ फेब्रुवारी १८३६ रोजी गदाधर चट्टोपाध्याय यांचा जन्म झाला. वडील खुदिराम १८४३ मध्ये वारले, तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता. थोरले बंधू रामकुमार यांनी पित्याची जागा घेतली. त्यांनी कलकत्त्यास संस्कृत पाठशाळा काढली आणि धाकट्या भावाला तेथे नेले. राणी रासमणी यांनी गंगाकाठी बांधलेल्या कालीमंदिराची प्रतिष्ठापना ३१ मे १८५५ रोजी झाली आणि रामकुमार तेथील मुख्य पुजारी झाले. वर्षभरातच, १८५६ मध्ये, तेही निवर्तले. विशीतल्या गदाधराला अशा रीतीने दुसऱ्यांदा पितृवियोग झाला, आणि नेमक्या त्याच वेळी कालीच्या पूजेचा भार त्याच्यावर आला.

या पूजेसाठी केनाराम भट्टाचार्य यांच्याकडून त्याला शक्तिमंत्राची रीतसर दीक्षा देण्यात आली होती. परंतु मंत्र देणे निराळे आणि मार्ग दाखविणे निराळे. पुढे जे घडले त्यात या पुजाऱ्याला विचारायला कोणी नव्हते. देवी खरी असेल तर ती दिसत का नाही, या एका प्रश्नाने त्याला ग्रासले. रात्री तो मंदिरामागच्या झाडीत जाऊन ध्यान करी. दिवस मावळला म्हणजे आणखी एक दिवस फुकट गेला म्हणून जमिनीवर तोंड घाशीत आक्रोश करी. अखेर एके दिवशी मंदिरातील खड्ग उचलून जीव देण्यापर्यंत मजल गेली. त्या क्षणी चारी दिशांनी चैतन्याच्या लाटा आपल्यावर कोसळत आहेत असा अनुभव त्याला आला आणि त्याची शुद्ध हरपली.

लोकप्रिय चरित्रे येथे सुस्कारा टाकतात. साक्षात्कार झाला, आता शांती. प्रत्यक्षात त्यानंतरच खरी ओढाताण सुरू झाली. तो अनुभव टिकेना आणि त्यावाचून राहवेना. झोप गेली, अन्नाची वासना गेली, अंगाचा दाह सुरू झाला. जागृती म्हणजे शांती, हे समीकरण किती अपुरे आहे ते येथे दिसते. जुने घर पडले आहे आणि नवे बांधून व्हायचे आहे, अशा उघड्या जागेवर त्या माणसाचे मन उभे होते.

घरच्यांचे तीन उपाय

या काळात त्याला पहिला आधार मिळाला तो कोणा साधूचा नव्हे. राणी रासमणी यांचे जावई आणि मंदिराचे कारभारी मथुरानाथ विश्वास यांच्याकडे पुजाऱ्याच्या विचित्र वर्तनाच्या तक्रारी गेल्या. त्यांनी स्वत: येऊन, आडून, त्याची पूजा पाहिली आणि त्याला कोणी अडवू नये अशी ताकीद दिली. पुढे एकदा राणी मंदिरात भजन ऐकत असता एका दाव्याचा विचार करू लागल्या, तेव्हा पुजाऱ्याने त्यांच्या अंगावर हात टाकला. मालकिणीवर हात टाकणाऱ्या नोकराचे त्या काळी काय झाले असते, हे सांगायला नको. राणींनी मात्र त्याला शिक्षा होऊ दिली नाही. भाचा हृदय त्याला खाऊ घाली, सांभाळी, रात्री शोधून आणी. आध्यात्मिक मार्गदर्शन यांपैकी कोणीही केले नाही. तरीही छप्पर, अन्न आणि अपमानापासून संरक्षण एवढे मिळाले नसते, तर पुढचा गुरू येईपर्यंत शिष्य उरला असता की नाही, याची शंकाच आहे.

कुटुंबाने काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. त्यांनी वैद्य केला, गावी मांत्रिक बोलावला, आणि १८५९ मध्ये जयरामवाटीच्या पाच वर्षांच्या सारदामणीशी त्याचे लग्न लावून दिले. संसाराची जबाबदारी पडली म्हणजे डोके ताळ्यावर येईल, हा हेतू. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी आपल्याकडील घरे बव्हंशी याच तीन उपायांभोवती फिरत आहेत. यांतील तिसऱ्याचा फोलपणा स्वच्छ आहे. १८६० मध्ये गदाधर दक्षिणेश्वरला परतला आणि सारी लक्षणे पूर्वीपेक्षा अधिक जोराने उसळली. सारदामणींना गावात वेड्याची बायको म्हणून लोकांच्या नजरा सोसाव्या लागल्या. १८७२ मध्ये, अठरा वर्षांच्या असताना, खरे काय ते डोळ्यांनी पाहावे म्हणून त्या वडिलांबरोबर पायी निघाल्या आणि वाटेत तापाने आजारी पडूनही दक्षिणेश्वरला पोहोचल्या. पुढे त्या दोघांचे सहजीवन असामान्य ठरले. परंतु असामान्य उदाहरणाला दाखला मानून आजारी मुलाचे लग्न लावणे म्हणजे एका मुलीच्या आयुष्याचा जुगार खेळणे होय.

वैद्यांच्या औषधाने फारसा गुण आला नाही. गंगाप्रसादांकडे असलेल्या पूर्व बंगालमधील एका वैद्याने मात्र ही अवस्था योगसाधनेतून उद्भवलेली दिसते, असे मत दिले. आपल्या शास्त्राची सीमा ओळखणे हीही वैद्यकाची पात्रताच म्हटली पाहिजे.

अनुभवाला नाव मिळाले

१८६१ मध्ये दक्षिणेश्वरच्या घाटावर एका नावेतून सुमारे चाळिशीची एक संन्यासिनी उतरली. योगेश्वरी असे तिचे नाव. चरित्रांतून ती भैरवी ब्राह्मणी म्हणून येते. वैष्णव आणि तांत्रिक ग्रंथांचा तिचा व्यासंग होता आणि त्या मार्गावर ती स्वत: चाललेली होती. रामकृष्णांनी एखाद्या मुलाने आईला सांगावे तसे तिला सारे सांगितले आणि आपण खरोखर वेडे झालो आहोत काय, असे काकुळतीने विचारले.

तिने जे केले, त्याच्या पायऱ्या नीट पाहिल्या पाहिजेत. प्रथम तिने सगळे ऐकून घेतले. नंतर भक्तिशास्त्रात महाभाव म्हणून वर्णिलेल्या अवस्थेशी ही लक्षणे जुळतात आणि चैतन्य महाप्रभूंच्या ठायीही ती दिसली होती, हे ग्रंथ काढून दाखविले. अंगाच्या दाहावर चंदनाचा लेप आणि सुगंधी फुलांच्या माळा असा साधा उपाय केला. तीन दिवसांत दाह शमला, असे शिष्य नमूद करतात. कितीही खाल्ले तरी न भागणारी भूक सुरू झाली, तेव्हा खोलीभर खाद्यपदार्थ मांडून ठेवायला लावले आणि ती वखवखही ओसरली. आपले निदान तिने आपल्यापुरते ठेवले नाही. मथुरबाबूंकरवी पंडितांची सभा बोलावून ते सर्वांसमोर मांडले. वैष्णवचरण या मान्यवर पंडितांनी त्याला संमती दिली.

तिचे निदान बरोबर होते की नाही, हा श्रद्धेचा प्रश्न आहे. त्याचा परिणाम मात्र श्रद्धेवर अवलंबून नाही. आजवर हा तरुण आपल्या भीतीसह एकटा होता. पूर्वी कोणी तरी या वाटेने गेले आहे आणि ही वाट पुढे कोठे तरी जाते, हे कळताच त्या भीतीची धार गेली. नंतर दोनएक वर्षे तिने त्याच्याकडून तांत्रिक साधना क्रमाने करवून घेतली. तिला आरंभ होता, विधी होता, शेवट होता. जे पाणी पुरासारखे घर वाहून नेत होते ते पाटाने शेतात जाऊ लागले. मार्गदर्शन या शब्दाचा अर्थ याहून अधिक चांगला सांगता येणार नाही.

अद्वैत आणि भाताचा घास

यानंतर, १८६४ च्या अखेरीच्या सुमारास, तोतापुरी हे पंजाबकडचे नागा संन्यासी आले. ते ब्राह्मणीच्या अगदी उलट. देवदेवतांना न मानणारे, कठोर अद्वैती. तीन दिवसांहून अधिक कोठे न राहण्याचा त्यांचा नेम होता. या शिष्यासाठी ते अकरा महिने राहिले. रामकृष्णांना नामरूपाच्या पलीकडे जाता येईना, दर वेळी कालीची मूर्ती समोर उभी राही. तेव्हा तोतापुरींनी काचेचा तुकडा उचलून त्यांच्या भुवयांच्या मध्यावर रुतवला आणि तेथे मन एकवटण्यास सांगितले. शिष्य समाधीत गेला. तीन दिवस कुटीचे दार बंद होते आणि बाहेर गुरू लक्ष ठेवून होता.

तोतापुरी निघून गेल्यावर रामकृष्ण सुमारे सहा महिने याच अवस्थेत राहिले. दिवस की रात्र, याची शुद्ध नव्हती. या काळाचा विचार करताना तत्त्वज्ञानापेक्षा एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट मनात राहते. तेथे आलेला एक साधू त्यांना हलवून, प्रसंगी काठीने डिवचून, देहभानावर आणी, आणि क्षणभर भान आले की तोंडात घास घाली. कधी तो पोटात जाई, कधी जात नसे. पुढे आमांशाच्या तीव्र दुखण्याने मन हळूहळू देहाकडे परतले. ब्रह्मानुभवाच्या शिखरावरही माणसाला जगवले ते कोणी तरी भरविलेल्या भाताच्या घासाने. या साधूचे नावही चरित्रकारांनी नोंदलेले नाही. साधकाच्या देहाची काळजी न करणारा गुरू कितीही विद्वान असला तरी अपुरा होय, हा धडा त्या निनावी साधूने देऊन ठेवला आहे.

मार्गदर्शकाच्याही मर्यादा

हे मार्गदर्शक निर्दोष होते, असे मानण्याचे कारण नाही. तोतापुरींचा कोरडा वेदांत आपल्या शिष्याची भक्ती करपवील, या धास्तीने ब्राह्मणी त्याला त्यांच्यापासून दूर राहण्यास सांगे. १८६७ मध्ये ती रामकृष्णांबरोबर कामारपुकुरला गेली, तेव्हा सारदामणींविषयी तिच्या मनात मत्सर उत्पन्न झाला आणि घरात कलह माजला. अखेर तिला स्वत:ची चूक उमगली. क्षमा मागून ती काशीला निघून गेली. तोतापुरींची कथाही अशीच आहे. देह म्हणजे माया मानणारा हा संन्यासी पोटाच्या विकाराने इतका त्रस्त झाला की एका रात्री देह टाकण्यासाठी गंगेत शिरला, पण बुडण्याइतके पाणीच लागेना. ज्या शक्तीला आजवर तुच्छ लेखले तिचे अस्तित्व मान्य करून तो परतला. गुरूने शिकवता शिकवता शिष्याच्या घरी काही शिकून जावे, असे हे उदाहरण आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात येतात. रामकृष्णांनी कोणाही एका गुरूला आपल्या मनाचा सातबारा लिहून दिला नाही. एकीने भक्तीचा अर्थ सांगितला, दुसऱ्याने अद्वैताची वाट दाखवली, आणि एकाने मना केले म्हणून दुसऱ्याकडे जाणे त्यांनी सोडले नाही. दुसरे असे की, हे गुरू आले आणि काम संपल्यावर गेले. जो मार्गदर्शक जाऊ शकत नाही, ज्याला शिष्य कायमचा आश्रित हवा असतो, त्याच्याविषयी सावध राहावे.

शिष्याचा गुरू झाला तेव्हा

स्वत: या वणव्यातून गेलेला माणूस दुसऱ्याला कसे नेतो, हे त्यांच्या उत्तरायुष्यात दिसते. मथुरबाबूंनी एकदा भावसमाधीचा हट्ट धरला. रामकृष्णांनी समजावले की, संसार आणि परमार्थ दोन्ही ठीक चालले आहे, हे मागू नका. ते ऐकेनात. काही दिवसांनी भाव आला आणि हे व्यवहारदक्ष गृहस्थ डोळे लाल होऊन रडू लागले. जमीनजुमल्याच्या कामात चित्त लागेना. तीन दिवसांत ते विनवू लागले की, हे आपले आपण परत घ्या. ही गोष्ट हसून सांगितली जाते, पण तिच्यात मोठे शहाणपण आहे. दुसऱ्याचा अनुभव आपल्या मनाला पेलेल असे नाही.

१८८१ मध्ये नरेंद्रनाथ दत्त हा महाविद्यालयीन तरुण त्यांच्याकडे आला. दुसऱ्या भेटीत रामकृष्णांच्या स्पर्शाने त्याला भिंतींसह सारे विश्व शून्यात विरघळताना दिसले आणि तो भयाने ओरडला की घरी आपले आईबाप आहेत. रामकृष्णांनी छातीवर हात ठेवून त्याला लगेच पूर्वस्थितीवर आणले आणि घाई नसल्याचे सांगितले. नरेंद्राने पुढे वर्षानुवर्षे गुरूची परीक्षा पाहिली, वाद घातला, नकार दिला. गुरूने त्यावर कधी रोष धरला नाही. शेवटच्या दिवसांत काशीपूर येथे नरेंद्राला निर्विकल्प समाधीचा अनुभव आला. तेव्हा ते दार आता बंद राहील, आधी लोकांचे काम करावे लागेल, असे त्यांनी सांगितले. स्वत: सहा महिने ज्या अवस्थेत हरवले होते, तीत शिष्याला हरवू दिले नाही.

१८८५ मध्ये त्यांना घशाचा कर्करोग झाला, तेव्हा त्यांच्यावर डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी उपचार केले. १८७६ मध्ये भारतीय विज्ञान संवर्धन संस्था स्थापन करणारे हे गृहस्थ विज्ञानाचे कट्टर पुरस्कर्ते होते आणि माणसाला अवतार मानून त्याच्या पाया पडण्यावर भक्तांशी कडाक्याने वाद घालीत. रामकृष्णांनी त्यांना टाळले नाही. दोघांत स्नेह जडला आणि डॉक्टर रोग्यापाशी तासन् तास बसू लागले. १६ ऑगस्ट १८८६ रोजी रामकृष्णांचा अंत झाला. परमहंसाने औषध घेतले आणि अश्रद्ध डॉक्टराशी मैत्री केली, हे अध्यात्माच्या नावाखाली औषधोपचार नाकारणाऱ्यांनी विसरू नये.

आजचा प्रश्न

आधुनिक मानसोपचारशास्त्राने या विषयाकडे पाहण्याची आपली दृष्टी काहीशी बदलली आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदानग्रंथात धार्मिक अथवा आध्यात्मिक समस्या ही, मनोविकाराहून वेगळी, नोंद प्रथमच केली. साधनेतून येणारी प्रत्येक अस्वस्थता आजार नसते, याची ती कबुली होती. परंतु याचा उलटा अर्थ काढणे घातक ठरेल. प्रत्येक आजार साधनेचे लक्षण नसतो. निद्रानाश, भास आणि आत्मघाताचे विचार यांना जागृतीचे गोंडस नाव देऊन डॉक्टर लांबणीवर टाकणे हे रामकृष्णांच्या चरित्राचे विडंबन होईल. त्यांच्यावरही प्रथम वैद्याचेच उपचार झाले होते.

मार्गदर्शनाच्या नावाखाली काय चालते, याचे भीषण उदाहरण ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दिसले. दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी निवासात साखळ्यांनी बांधून ठेवलेली २८ मनोरुग्ण माणसे आगीत होरपळून मेली. बरे होण्याच्या आशेने घरच्यांनीच त्यांना तेथे आणले होते. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करून भूत उतरविण्याच्या नावाखाली होणारी मारहाण गुन्हा ठरविली. केंद्राच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली. हे कायदे आवश्यक आहेत. तथापि कायदा वाईट वाटाड्याला रोखू शकतो, चांगला वाटाड्या निर्माण करू शकत नाही.

चांगल्याची ओळख या चरित्रातून पटते. तो आधी ऐकतो आणि मग बोलतो. साधकाची झोप, भूक आणि देह यांची त्याला काळजी असते. आपले मत तो चारचौघांपुढे तपासू देतो. वैद्याला तो शत्रू मानीत नाही. तो साधकाला घरादारापासून तोडून आपल्याजवळ बांधून ठेवीत नाही, आणि अनुभवाचा बाजार मांडीत नाही. या कसोट्या लावण्यासाठी शास्त्रांचे अध्ययन लागत नाही. कोणाही शिक्षकाला, कारकुनाला, विद्यार्थ्याला त्या लावता येतील.

आणि ज्यांच्या घरी असा कोणी कोलमडलेला तरुण आहे, त्यांनी मथुरबाबू, हृदय आणि तो निनावी साधू यांची आठवण ठेवावी. त्यांच्यापाशी ज्ञान नव्हते, सिद्धी नव्हती. त्यांनी हेटाळणी थांबवली, सोबत केली आणि वेळेवर घास भरविला. गुरू भेटणे हे नशिबाचे असेल. एवढे करणे मात्र आपल्या प्रत्येकाच्या हाती आहे.